डेस्कटॉपचा सातबारा

पनवेलमध्ये कुणालाही 'जागा किती?' म्हणून विचारा, उत्तर गुंठ्यांत येतं. विचारणाऱ्याने फ्लॅटबद्दल विचारलेलं असलं तरी सांगणारा आधी गावाकडचे गुंठे सांगतो, मग चौरस फुटांवर उतरतो आणि शेवटी 'विमानतळ इथून किती मिनिटांवर' हे न विचारता सांगतो. मिडलक्लास सोसायटी नावाची एक खरीखुरी वस्ती आमच्याकडे आहे. तिथले आजचे भाव ऐकले की खराखुरा मिडल क्लास रिक्षावाल्याला म्हणतो, 'जरा पुढे घ्या.' शेजाऱ्याच्या कुंपणाचा खांब वीतभर सरकला तर प्रकरण प्रांत कचेरीत जातं आणि नातवाच्या लग्नापर्यंत चालतं. अशा जागरूक गावात घरोघरच्या संगणकांतली ऐन मोक्याची जागा कुणीतरी परस्पर आपल्या ताब्यात घेतली आणि एकाही पनवेलकराने हरकत नोंदवली नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

मोक्याची जागा म्हणजे डेस्कटॉप. संगणक उघडला की समोर दिसतो तो दर्शनी भाग. यंत्रात आत हजार कप्पे असतात, पण आपला माणूस सगळं दारातच ठेवतो. लग्नाची पत्रिका, आधार कार्डाची प्रत, लाइट बिल, 'नवीन', 'नवीन नवीन', 'फायनल', 'खरं फायनल' अशा फायली ओळीने लागलेल्या असतात आणि मागे लावलेल्या फोटोतली नात त्या गर्दीतून एका डोळ्याने बघत असते.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा डेस्कटॉप याच घराण्यातला. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कागदाच्या बाबतीत कडक. गृहनिर्माण संस्थेने वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी असा कायदा आहे, म्हणून आमची सभा सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारी, स्टिल्ट पार्किंगमध्ये, स्कूटर कडेला सरकवून भरते. गेल्या खेपेला काकांनी ती आधुनिक करायची ठरवली. लॅपटॉप आणला, कुणाच्या तरी ऑफिसातला प्रोजेक्टर आणला, भिंतीला पांढरी चादर लावली. विषय क्रमांक चार होता, थकबाकीदारांची यादी सभेपुढे ठेवणे.

काकांनी फाइलवर दोनदा टिचकी मारली. चादरीवर इंग्रजीत मजकूर उमटला. त्याचा मतलब असा, की ही फाइल सध्या उपलब्ध नाही, कृपया इंटरनेट तपासा.

"काका, इंटरनेट कशाला लागतंय? यादी तुमच्याच लॅपटॉपमध्ये आहे ना?" कुणीतरी विचारलं.

"आहेच! मी स्वतः टाइप केलीये. ही काय, दिसतेय ना तुम्हाला!"

दिसत तर होती. नाव दिसत होतं, तारीख दिसत होती, फक्त उघडत नव्हती. वाय-फाय तिसऱ्या मजल्यावर काकांच्या घरात, आणि मोबाइलची रेंज आमच्या पार्किंगच्या तोंडापर्यंत येते, आत डोकावते आणि परत जाते. एवढ्यात पहिल्या मजल्यावरचे भाऊ उभे राहिले. त्या यादीत सर्वांत वर कुणाचं नाव असणार हे आमच्या लिफ्टलासुद्धा ठाऊक आहे. भाऊ म्हणाले, "यादीच सभेपुढे नसल्यामुळे विषय तहकूब करावा, अशी मी सूचना मांडतो." लागलीच चौथ्या मजल्याचं अनुमोदन आलं. सूचक थकबाकीदार, अनुमोदक थकबाकीदार, ठराव मंजूर. बटाटेवडे आले आणि संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच सभा वेळेत संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "जरा वर ये रे. तू कॉम्प्युटरमधला ना?"

"काका, मी लेख लिहितो."

"तेच म्हणतोय मी. कॉम्प्युटरवरच लिहितोस ना?"

या युक्तिवादापुढे कोण काय बोलणार? गेलो. लॅपटॉप उघडला, तर फायलींच्या चित्रांवर बारीक बारीक खुणा. कुठे हिरवी बरोबरची खूण, कुठे निळ्या रेषेचा इवलासा ढग, एकावर दोन बाण एकमेकांचा पाठलाग करताहेत.

"हे हिरवे टिकमार्क बघितलेस?" काकांनी आवाज खाली आणला. "मला वाटलं, ऑडिटरने केलेत."

"ऑडिटर घरी येऊन गेले?"

"छे! आमचा ऑडिटर बोलावूनसुद्धा येत नाही. तो न बोलावता कशाला येईल?"

मग मी त्यांना खुणांचा अर्थ सांगितला. हिरवी खूण असलेली फाइल याच लॅपटॉपमध्ये आहे. निळा ढग असलेल्या फाइलचं इथे फक्त नाव आहे. ऐवज कंपनीच्या सर्व्हरवर, आणि तुम्ही उघडाल तेव्हा तो इंटरनेटवरून खाली उतरणार. लॅपटॉपमधली जागा वाचावी म्हणून ही योजना. थकबाकीची यादी बरेच दिवस कुणी उघडली नव्हती, सबब ती वर पाठवून देण्यात आली होती. थकबाकीच्या यादीकडे इतक्या दूरदृष्टीने बघणारी दुसरी यंत्रणा महाराष्ट्रात नसेल.

मी त्या फाइलवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडल्या. पत्ता वाचत गेलो. सी ड्राइव्ह, मग युजर्स, मग काकांचं नाव. त्याच्या पुढे थेट डेस्कटॉप यायला हवा. तो नव्हता. मध्ये कंपनीच्या नावाचा एक फोल्डर होता आणि डेस्कटॉप त्याच्या आत गेला होता. समोर दिसायला सगळं जिथल्या तिथे, पण कागदोपत्री काकांचा डेस्कटॉप आता कंपनीच्या आवारात.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. सातबारे वाचून वाचून त्यांचे केस पिकलेत. ते म्हणाले, "म्हणजे इतर हक्कात नाव चढलंय म्हण की!"

इतक्या नेमक्या शब्दांत हे मला एकाही संगणकवाल्याने आजवर सांगितलेलं नाही. कब्जेदाराच्या रकान्यात नाव आपलंच असतं. भानगड नेहमी इतर हक्काच्या रकान्यात असते. पण जमिनीच्या बाबतीत साधा फेरफार धरायचा म्हटला तरी तलाठी नोटीस काढतो आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. इथे नोटीस निघाली होती का? निघाली होती. नवा लॅपटॉप सुरू करताना एक पान येतं. 'आपल्या फायली सुरक्षित ठेवा' असा काहीसा मायेचा मजकूर, त्याखाली पेढ्याच्या डब्याएवढं निळं बटण, आणि तळाला करड्या रंगात, मुंगीच्या अक्षरात, 'आत्ता नको'. लॅपटॉप सुरू करून द्यायला काकांचा भाचा आला होता. त्याला लोकल गाठायची होती. त्याने जी जी निळी बटणं दिसली ती ती दाबली. अशा रीतीने संमती घेण्यात आली.

ही कंपनी कोणती ते मी सांगणार नाही. विषय सभेपुढे अजून तहकूब आहे. शिवाय या धंद्यातले सगळेच दिग्गज एका माळेचे मणी. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डरं बॅकअपच्या नावाखाली आपल्यात घेतं. ॲपलने 2016 च्या मॅकओएस सिएरापासून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडमध्ये ठेवायची सोय दिली. गूगल ड्राइव्ह फोल्डर जागचा हलवत नाही, पण तुम्ही नेमून दिलात की त्याची नक्कल वर नेत राहतं. ऑगस्ट 2025 मध्ये तर मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की विंडोजवरच्या वर्डमध्ये नवी फाइल जन्मालाच क्लाउडमध्ये येईल. म्हणजे माहेरही तिकडे आणि सासरही तिकडे. तुमच्याकडे फक्त अधूनमधून भेटायला.

यात फुकट जागेचं आमिष असतं, आणि फुकट जागा म्हटल्यावर पनवेलकर खरं तर सावध व्हायला हवा. 1 एप्रिल 2004 रोजी जीमेल आलं तेव्हा 1 जीबी जागा फुकट देतात हे लोकांना एप्रिल फूल वाटलं होतं. पुढे गूगल फोटोजने फोटोंना हवी तेवढी जागा देऊ केली. लोकांनी बारशापासून बाराव्यापर्यंतचे सगळे फोटो तिकडे पाठवले, आणि 1 जून 2021 पासून नवे फोटो 15 जीबीच्या हिशेबात धरायला लागले. वनड्राइव्हने एकेकाळी 15 जीबी दिले होते, ते 2016 मध्ये 5 वर आणले. वर्गणीदारांना अमर्याद जागा द्यायचंही त्यांनी कबूल केलं होतं; तेही मागे घेतलं. कारण काय, तर काही पठ्ठ्यांनी एकेकट्याने 75 टेराबाइटच्या वर माल भरला, सरासरी माणसाच्या 14 हजार पट! हे लोक पनवेलचे होते असा पुरावा नाही, पण वृत्ती ओळखीची वाटते. याच वनड्राइव्हचं आधीचं नाव स्कायड्राइव्ह. लंडनच्या कोर्टात स्काय नावाच्या दूरचित्रवाणी कंपनीने 2013 मध्ये दावा जिंकला आणि 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टला नाव बदलावं लागलं. लोकांना जागा वाटायला निघालेल्यांना स्वतःच्या पाटीची जागा खाली करावी लागली.

आता मोबदल्याचं बघू. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली आणि इथल्या जमिनी संपादित झाल्या. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्या साडेबारा टक्क्यांमागे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा शेतकऱ्यांचा लढा आणि त्यातले 1984 चे हुतात्मे आहेत, त्यामुळे त्यावर विनोद करायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. मी आपला नुसता हिशेब मांडतो. काकांच्या लॅपटॉपमध्ये 512 जीबीची डिस्क. वर फुकट मिळणारी जागा, 5 जीबी. म्हणजे एक टक्कासुद्धा धड नाही. तीही भरली की कंपनी लाल अक्षरांत कळवते की तुमची जागा संपली, आता दरमहा भाडं भरा. आपल्याच फायली, आपणच टाइप केलेल्या, आणि भाडेकरूही आपणच.

भरायला वेळही लागत नाही. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप 2024 पासून गूगलच्या त्याच 15 जीबीत मोजला जातो. गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, हात जोडलेला गणपती, 'शुभ सकाळ', 'शुभ गुरुवार' हे सगळं रोज त्या गोदामात जमा होत असतं. गोदाम तुडुंब भरलं की जीमेलवर नवं पत्र येणं बंद होतं. विम्याचं पत्र परत गेलं कारण आत्याबाईंचा शुभ गुरुवार आधी पोचला होता, असं उद्या कुणी सांगितलं तर हसू नका.

बरं, हे क्लाउड म्हणजे वर आकाशात कुठेतरी असतं, अशी काकांची समजूत होती. ते तसं नसतं. ते जमिनीवर असतं, चार भिंतींत असतं, आणि गंमत म्हणजे त्यातलं एक मोठं ठाणं आमच्या पनवेललाच आहे. भोकरपाड्याला हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत योट्टा कंपनीचं एनएम-1 हे डेटा सेंटर जुलै 2020 मध्ये सुरू झालं. 7,200 रॅक मावतील एवढी इमारत आणि 50 मेगावॉट विजेची तयारी. तिला टियर 4 चं मानांकन आहे. या दर्जाच्या केंद्राने वर्षातला 99.995 टक्के वेळ चालू राहावं अशी अपेक्षा असते. बंद राहायची मुभा वर्षाकाठी जेमतेम 26 मिनिटांची. आमच्या गल्लीत पहिला पाऊस पडल्यावर फ्यूज कुठला उडाला याची नुसती चर्चा 26 मिनिटं चालते. एकाच तालुक्यात एकीकडे यंत्रांना क्षणभरही अंधार सोसवत नाही, दुसरीकडे माणसं मेणबत्ती लावून पत्ते कुटताहेत. यंत्रांनी पुण्य जास्त केलं असणार.

हे ऐकल्याबरोबर काका चपला शोधायला लागले. "चल, जाऊन यादी घेऊन येऊ. भोकरपाडा काय लांब आहे?"

काकांची यादी तिथेच असेल असं नाही, ती सिंगापुरातही असू शकेल, आणि तिथे काउंटर नसतो, हे समजावताना माझा चहा निवला.

तर आता उपाय. हरकत नोंदवायला कचेरीत जावं लागत नाही, पण कुठे टिचकी मारायची ते ठाऊक हवं. विंडोज असेल आणि वनड्राइव्ह असेल, तर उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी ढगाचं चित्र असतं. त्यावर टिचकी, मग दातेरी चाक, मग सेटिंग्ज, त्यात 'सिंक अँड बॅकअप', त्यात 'मॅनेज बॅकअप'. तिथे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांच्यापुढची बटणं एकेक करून बंद करायची. नातं पुरतंच तोडायचं असेल तर 'अकाउंट'मध्ये जाऊन 'अनलिंक धिस पीसी'. वर्डसाठी फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने जायचं, 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डीफॉल्ट'वर खूण करायची आणि नवी फाइल आपसूक क्लाउडमध्ये काढण्याच्या पर्यायावरची खूण काढायची. एवढी यातायात नको असेल तर फाइल पहिल्यांदा ठेवताना एफ-12 दाबा. जुनी, सरळ खिडकी उघडते आणि कुठे ठेवू असं विचारते. विचारते, हे महत्त्वाचं. मॅकवाल्यांनी सिस्टिम सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टिचकी मारून आयक्लाउड, आयक्लाउड ड्राइव्ह असं आत जावं आणि डेस्कटॉप व डॉक्युमेंट्सचं बटण बंद करावं.

इथे एक धक्का बसतो, त्याची तयारी ठेवा. बटण बंद केलं की बऱ्याचदा डेस्कटॉप रिकामा होतो. घाबरू नका. फायली कंपनीच्या फोल्डरमध्येच राहिलेल्या असतात. त्या आपल्या हातांनी उचलून आपल्या डेस्कटॉपवर आणायच्या. आधी उजवी टिचकी मारून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' म्हणायचं, सगळ्यांवर हिरवी खूण येईपर्यंत दम धरायचा आणि मगच हलवायच्या. ताबा सोडला तरी सामान हलवायची जबाबदारी आपली, हा नियम इथेही लागू आहे.

काकांना शेवटी एक शंका आली. ते म्हणाले, "पण मग वरची प्रत ठेवून इथली काढून टाकली तर चालेल ना? बॅकअप आहेच."

हाच तो खड्डा. बॅकअप म्हणजे मूळ आपल्याकडे आणि नक्कल दुसरीकडे. हे प्रकरण तसं नाही. इथे दोन्ही ठिकाणी एकच फाइल नांदते. इथली पुसली की वरचीही पुसली जाते आणि फोनमधलीही. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात अशी पुसलेली फाइल कचरापेटीत 30 दिवस राहते, मग तीही गेली. आपल्या सुरक्षिततेसाठी म्हणून जे केलं, त्यात एका चुकीच्या टिचकीने तिन्ही ठिकाणचा निकाल एकदम लागतो. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. मूळ पावती आणि कार्बन प्रत एकाच खणात ठेवणाऱ्या कारकुनाला काकांनी मेमो दिला असता.

क्लाउड वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. 26 जुलै 2005 ला गाढी नदी पनवेलच्या घरांत शिरली, तेव्हा लग्नाचे अल्बम, दहावीच्या मार्कशीट, दुकानांच्या वह्या चिखलात गेल्या. घराबाहेर एक प्रत असती तर, असं तेव्हा कितीजणांना वाटलं असेल. घराबाहेर प्रत हवीच. ती मी ठरवून ठेवलेली हवी, कुठे ठेवली ते मला माहीत हवं आणि मूळ कागद माझ्या कपाटातून हलता कामा नये, एवढंच मागणं आहे. 'आपल्या सोयीसाठी' हे शब्द वाचले की आम्ही पनवेलकर आधी पायाखाली खड्डा आहे का ते बघतो, कारण हा फलक आमच्याकडे रस्ता खणल्यावरच लागतो. संगणकावर तो दिसला की मात्र आम्ही निमूट निळं बटण दाबतो.

तेव्हा मंडळी, आज संध्याकाळी एक काम करा. आपल्या डेस्कटॉपवरच्या एका तरी फाइलच्या प्रॉपर्टीज उघडून पत्ता वाचा. मधे कुणाचं नाव घुसलेलं दिसलं तर वर सांगितल्याप्रमाणे हरकत नोंदवा. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत साध्या हार्ड डिस्कवर काढून कपाटात ठेवा; दुसरी हवी तर खुशाल क्लाउडमध्ये पाठवा, पण स्वतःच्या हाताने. आणि नवा लॅपटॉप सुरू करताना लोकल गाठायची घाई असलेल्या भाच्याला बोलावू नका. करड्या अक्षरातलं 'आत्ता नको' वाचायला चष्मा लागतो. तो लावा.